जर्मन, हिंडालियम आणि टी-सिक्स

आमच्या बेळगावकडे जुन्या पिढीच्या तोंडी ॲल्युमिनियम हा शब्द फारसा नसतो. आजीसाठी ते 'जर्मन'. "दूध जर्मनच्या पातेल्यात तापव," असं ती सांगते तेव्हा तिच्या डोक्यात कुठलाही देश नसतो, फक्त एक पांढरं, हलकं, लवकर तापणारं भांडं असतं. तांबं, निकेल आणि जस्त मिळून होणाऱ्या पांढऱ्या मिश्रधातूला पूर्वी जर्मन सिल्व्हर म्हणायचे. त्यात चांदी नावालाही नसते. तेच नाव घसरत घसरत ॲल्युमिनियमवर येऊन बसलं असावं. आईच्या पिढीत 'हिंडालियम' आलं. गणपत गल्लीतल्या दुकानात "साधं जर्मन दाखवू की हिंडालियम?" असं विचारलं की आई न चुकता दुसरं म्हणायची, कारण ते जाड असतं, चेपत नाही आणि काळं पडत नाही. दोन्ही एकाच धातूची नावं आहेत हे मला बरंच उशिरा कळलं. आणि ती एकच गोष्ट नाही, हे त्याहून उशिरा.

हिंडालियम म्हणजे ॲल्युमिनियममध्ये मॅग्नेशियम, मॅंगनीज असे धातू चिमूटभर घालून केलेला मिश्रधातू. आईने दुकानात उभं राहून जो फरक हाताने ओळखला, त्यालाच धातुशास्त्रात 'अलॉय' म्हणतात. घरगुती वापरात एवढा फरक कळला तरी पुष्कळ काम भागतं. तेवढ्यात एक उपयोगाची गोष्ट सांगून टाकतो. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर हवेतच ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर बसतो, काही नॅनोमीटरचा, आणि तोच त्याला गंजू देत नाही. चिंच, कोकम, टोमॅटो, ताक यांचा आंबटपणा तो थर खातो. म्हणून जर्मनच्या भांड्यात आमटी रात्रभर ठेवू नये, हा आजीचा नियम बरोबर आहे. हार्ड ॲनोडाइज्ड तव्यावर हाच थर वीज वापरून मुद्दाम जाड केलेला असतो, दहा-दहा मायक्रॉनच्या पटीत. तो तवा काळा दिसतो, पण त्यावर वेगळा रंग मारलेला नसतो.

मी बीई मेकॅनिकल. पण पहिल्या नोकरीपासून काम सॉफ्टवेअरचं. कॉलेजात शिकलेलं धातुशास्त्र परीक्षेनंतर आठवडाभरात विसरलो असतो, पण माझ्या काकांचं उद्यमबागेत ॲल्युमिनियमच्या खिडक्या-पार्टिशनचं छोटं वर्कशॉप आहे. महिन्यातले पंधरा दिवस मी घरून काम करतो आणि संध्याकाळी तिथे जाऊन बसतो. चहा चांगला असतो हे एक कारण. दुसरं म्हणजे काकांसारखा धातूशी बोलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

तसं बेळगावचं आणि या धातूचं नातं जुनं आहे. यमनापूरचा कारखाना आज हिंडाल्कोचा असला तरी जुनी माणसं अजून त्याला 'इंडाल'च म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरीकडच्या दुर्गमानवाडीच्या खाणींतून तिथे बॉक्साइट येत आलं आहे. ती लाल, मुरमाड माती पाहून यातून चांदीसारखा धातू निघतो यावर विश्वास बसत नाही. साधारण चार टन बॉक्साइटमधून दोन टन ॲल्युमिना ही पांढरी भुकटी, आणि दोन टन भुकटीतून एक टन धातू, असा ढोबळ हिशेब. शेवटच्या टप्प्याला टनामागे तेरा-चौदा हजार युनिट वीज लागते, म्हणून धातू तिथेच गाळतात जिथे वीज स्वस्त.

आता मुद्द्याची गोष्ट. हा इतक्या खटाटोपाने काढलेला शुद्ध धातू मऊ असतो, अगदीच मऊ. पोलादाच्या जवळपास एक तृतीयांश वजनाचा (घनता २.७, पोलादाची ७.८५), पण हाताने वाकेल असा. कारण समजून घ्यायला घरातली सतरंजी पुरे. मोठी सतरंजी जमिनीवरून अख्खी ओढायची तर जोर लागतो. तिच्या एका टोकाला सुरकुती पाडून ती सुरकुती पुढे ढकलत नेली, तर सतरंजी अलगद सरकते. धातूतल्या अणूंच्या रांगांमध्येही अशा 'सुरकुत्या' असतात. धातू वाकतो तेव्हा त्या सरकत असतात. शुद्ध ॲल्युमिनियममध्ये त्यांना अडवायला कुणीच नसतं. धातू कणखर करायचा म्हणजे सतरंजीखाली जागोजागी खडे पेरायचे.

हे खडे कसे पेरायचे याचा शोध जर्मनीतच लागला, हा योगायोग मला आवडतो. आल्फ्रेड विल्म नावाचा धातुशास्त्रज्ञ १९०६ साली बर्लिनजवळ ॲल्युमिनियममध्ये साधारण चार टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घालून प्रयोग करत होता. पोलाद लाल तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, तसं याचंही व्हावं अशी त्याची अपेक्षा होती. तापवलं, बुडवलं, मोजलं, पण विशेष काही घडलं नाही. सांगतात की तो दिवस शनिवारचा होता. सुट्टीनंतर त्याच तुकड्यांची मोजणी पुन्हा केली, तर ते पहिल्यापेक्षा बरेच कडक निघाले. मधल्या काळात कुणी त्यांना हातही लावला नव्हता. धातू नुसता पडून राहून कडक झाला होता.

ड्यूरेन या गावच्या कारखान्याने त्याचं उत्पादन सुरू केलं, म्हणून नाव पडलं ड्युरालुमिन. त्यापासून झेपेलिन फुग्यांचे सांगाडे झाले, १९१९ साली युंकर्सचं संपूर्ण धातूचं प्रवासी विमान झालं. गंमत म्हणजे हे घडतं का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. १९३८ साली फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्ष-किरणांनी ते दाखवलं. म्हणजे दोन दशकांहून जास्त काळ माणसं अशा धातूच्या भरवशावर आकाशात फिरत होती, ज्याचं आतलं रहस्य कुणी पाहिलं नव्हतं. सॉफ्टवेअरवाल्याला यात नवल वाटत नाही. चालतंय ना, मग हात लावू नका, हा आमचाही धर्म.

रहस्य काय, ते लाडवाचा पाक करणाऱ्याला लगेच कळेल. गरम पाण्यात साखर जास्त विरघळते. पाक थंड झाला की ती जास्तीची साखर आत राहू शकत नाही आणि हळूहळू कणी धरते. ॲल्युमिनियमचंही तेच. पाचशे अंशांच्या वर तापवलं की त्यात तांबं किंवा मॅग्नेशियम-सिलिकॉन नीट विरघळतं. मग एकदम पाण्यात बुडवायचं, म्हणजे बाहेर पडायला वेळच मिळत नाही. त्यानंतर सावकाश, मंद उष्णतेवर, तेच अणू डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कणांच्या रूपाने जागोजागी गोळा होतात. हेच ते सतरंजीखालचे खडे. उष्णता जास्त झाली किंवा वेळ लांबला की कण मोठे होतात, संख्येने कमी होतात आणि धातू पुन्हा नरम पडतो. पाकाला तार किती आली हे जसं अचूक साधावं लागतं, तसंच.

काकांच्या दुकानातल्या दांड्यांवर, म्हणजे त्यांच्या भाषेत 'सेक्शन'वर, कंपनीचं लेबल असतं: ६०६३-टी५ किंवा ६०६३-टी६. पहिला आकडा कुळाचा. सहाचं कूळ म्हणजे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन, दोन्ही मिळून टक्का-दीड टक्का. तापवलेला ओंडका साच्यातून शेवेसारखा दाबून काढता येतो, म्हणून तुमच्या घरच्या दोन ट्रॅक, तीन ट्रॅक स्लाइडिंगचे सगळे आकार याच्यातून. डॅशनंतरचं अक्षर सांगतं की त्याच्यावर कोणता उष्णतेचा संस्कार झालाय. टी५ म्हणजे साच्यातून निघताच थंड करून मग ओव्हनमध्ये ठेवलेला. टी६ म्हणजे नीट विरघळवून, बुडवून, मग ओव्हनमध्ये मुरवलेला. 'ओ' म्हणजे पूर्ण नरम. त्याच ६०६३ ची ताण सोसायची क्षमता 'ओ' अवस्थेत नव्वद मेगापास्कलच्या आसपास आणि टी६ मध्ये दोनशे चाळीसच्या घरात. मिश्रण तेच, फरक फक्त भट्टीचा. आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच.

बाकीची कुळं मी भराभर सांगतो, कारण त्यातली बरीच तुमच्या घरात आहेतच. एकचं कूळ म्हणजे जवळजवळ शुद्ध: विजेच्या तारा, कारण भेसळ वाढली की वीज वाहणं कमी होतं. तिनात मॅंगनीज, भांडी आणि पत्रे त्याचे. पाचात मॅग्नेशियम. हे भट्टीने कडक होत नाही, पण खाऱ्या हवेला सगळ्यांत चांगलं टिकतं, म्हणून बोटींचे पत्रे. आठात बाकी सगळं, पोळ्या गुंडाळायची फॉइलसुद्धा. शीतपेयाच्या कॅनमध्ये तर दोन कुळं एकत्र नांदतात. अंग तिनाच्या कुळातलं, कारण ते खोल ओढता येतं, आणि झाकण पाचाच्या कुळातलं, कारण ते कडक हवं.

दोन आणि सात ही आकाशातली मंडळी. दोनचं कूळ तांब्याचं, विल्मच्या वंशातलं. इस्रोच्या रॉकेटांमधल्या इंधनटाक्या २२१९ आणि २०१४ या मिश्रधातूंच्या असतात. साताचं कूळ जस्ताचं. ७०७५-टी६ ची ताकद साध्या बांधकामाच्या पोलादालाही मागे टाकते, ५७० मेगापास्कलच्या आसपास, आणि वजन तिसरा हिस्सा. बेळगावजवळ हत्तरगीला विमानांचे सुटे भाग होतात तिथे काम करणारे आमच्या गल्लीतले दोघे-तिघे आहेत. अशा भागांत मोठ्या ठोकळ्यातून बहुतेक धातू कोरून काढून टाकतात आणि उरतो तो हलका, पण जीव असलेला सांगाडा.

तर मग खिडक्याही ७०७५ च्या का करू नयेत? हा प्रश्न मी काकांना विचारला होता. त्यांनी उत्तर द्यायच्या आधी चहा संपवला. "साचातून निघत नाही, वेल्ड होत नाही, खाऱ्या हवेत फोड येतात, आणि गिऱ्हाईक पैसे देणार नाही." सगळ्यांत ताकदवान ते सगळ्यांत चांगलं, ही समजूत या धातूपुरती तरी सोडून द्यावी. विमानाच्या दोनच्या कुळातल्या पत्र्यावर तर वरून शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. आत ताकद, बाहेर टिकाऊपणा, कारण दोन्ही एकातच मिळत नाहीत.

ओतकामाचं जग वेगळंच आहे. आपल्या गावात ओतीव लोखंडाच्या फाउंड्री पुष्कळ, ॲल्युमिनियमच्या त्या मानाने कमी. ओतकामात राज्य सिलिकॉनचं. तो पाच ते बारा टक्क्यांपर्यंत घातला की रस पातळ होतो आणि साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो. स्कूटरच्या इंजिनाचं कव्हर, कारची 'अलॉय व्हील', पिस्टन हे सगळे याच जातीचे.

हे सगळं मला वर्षानुवर्षं ऐकीव माहितीसारखं होतं. गेल्या वर्षी ते घरात आलं.

आजी चौऱ्याऐंशीची आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सहा वर्षं ती वॉकर घेऊन चालते. त्या वॉकरच्या डाव्या पायाला, उंची कमी-जास्त करायच्या भोकाशी, केसाएवढा तडा दिसला. बाबांनी तो ओळखीच्या वेल्डरकडून आर्गन वेल्डिंग करून आणला. काम देखणं होतं. माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी वळणं, वर पॉलिश. बाबा खूश होते, आजीही.

रविवारी काका आले. त्यांनी वॉकर उचलला, वेल्डकडे पाहिलं आणि काही न बोलता गाडीतून वेबस्टर घेऊन आले. हे सांडशीसारखं हातात मावणारं यंत्र असतं. सेक्शनचा माल आला की तो नीट मुरवलाय की कच्चाच पाठवलाय, हे बघायला ते वापरतात. चिमट्यात पत्रा धरून दाबायचा, सुई शून्य ते वीसमध्ये कुठेतरी थांबते. न वेल्ड केलेल्या उजव्या पायावर सुई बारावर थांबली. डाव्या पायावर, वेल्डपासून बोटभर अंतरावर, सहावर. हे आकडे निम्मे-दुप्पट असे सरळ वाचायचे नसतात, पण काकांना तेवढं पुरे होतं.

"आई, यावर आजपासून हात ठेवायचा नाही."

"अरे, वेल्ड बघ किती भरीव आहे," बाबा म्हणाले.

"वेल्ड नाही रे मोडणार, दादा. वेल्डच्या शेजारचं मोडेल."

बाबांना ते पटेना. आमच्याकडे लोखंडी गेट, लोखंडी खुर्च्या वर्षानुवर्षं वेल्ड होत आल्यात आणि सांधा मूळ नळीपेक्षा मजबूत निघालाय. साध्या लोखंडाच्या बाबतीत तो अनुभव खराच आहे. पण टी६ मधले ते बारीक कण १७५ अंशांच्या मंद आचेवर आठेक तास मुरवून आणलेले असतात. वेल्डिंगच्या ज्योतीजवळ धातू काही क्षणांत त्याच्या दुप्पट-तिप्पट तापतो. कण मोठे होतात किंवा पुन्हा विरघळून जातात. सांध्याच्या दोन्ही बाजूंना बोट-दोन बोटं रुंद पट्टा असा तयार होतो, जिथे टी६ हे नुसतं लेबलावर उरतं. या कुळात अशा पट्ट्यातली ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते. आणि वॉकरवर माणूस सगळ्यांत जास्त भार कधी टाकतो? तोल जातो तेव्हा.

"मग परत भट्टीत घालून आणू," बाबा म्हणाले. ते हट्टी आहेत, पण विचार चुकीचा नव्हता. सायकलच्या ६०६१ च्या फ्रेमचं कारखान्यात तेच करतात. आधी वेल्ड, मग अख्खी फ्रेम सव्वापाचशे अंशांवर तापवून बुडवायची, सरळ करायची, मुरवायची. म्हणून ॲल्युमिनियमला वेल्ड चालतच नाही असं नाही. वेल्डनंतरचं काम करायची सोय असावी लागते, किंवा तो पट्टा नरम पडणार हे धरून आधीच जाडी वाढवलेली असावी लागते. सव्वा मिलिमीटरच्या नळीत ती शिल्लक नसते. वॉकर भट्टीतून वाकडा होऊन आला असता, आणि खर्च नव्या वॉकरहून जास्त.

मी एकच भर घातली. तडा मुळात भोकाशीच का गेला, हेही बघायला हवं होतं. पोलादाला एक मर्यादा असते. तिच्याखालचा ताण कितीही वेळा आला तरी ते सोसत राहतं. ॲल्युमिनियमला तशी स्पष्ट मर्यादा नाही. थोडा थोडा ताण लाखो वेळा आला की तोही मोजला जातो, आणि भोक किंवा तीक्ष्ण कोपरा असेल तिथे तो गोळा होतो. १९५४ साली कॉमेट जातीची दोन विमानं अशाच धातूच्या थकव्याने हवेत फुटली. आजीच्या वॉकरचा उजवा पायही त्याच वयाचा होता. तिथे अजून तडा दिसत नव्हता इतकंच.

नवा वॉकर आला. आजीला तो आवडला नाही. "हा फार टकटक वाजतो," एवढंच म्हणाली. काकांनी जुन्या मुठी काढून नव्यावर बसवल्या तेव्हा ती गप्प झाली. खरा वाद झाला तो जुन्या वॉकरवरून. बाबांना तो शेजारच्या एका आजोबांना द्यायचा होता. चांगली वस्तू, वर पॉलिश केलेली, टाकायची कशी? काकांनी तो वर्कशॉपमध्ये नेला आणि चॉप सॉवर दोन्ही पाय कापले. बाबा दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाहीत. माझ्या मते काकांनी त्या दिवशी केलेलं हे सगळ्यांत शहाणपणाचं काम होतं. कमकुवत झालेला ॲल्युमिनियम कमकुवत दिसत नाही. दानात गेला असता तर कुणीतरी त्यावर निर्धास्त भार टाकला असता.

तेव्हापासून घरात शिडी, वॉकर, फोल्डिंग खुर्ची असं ज्यावर माणसाचा जीव टेकतो असं काही आलं की मी आधी सांधे बघतो. चांगल्या ॲल्युमिनियमच्या शिडीच्या पायऱ्या बहुधा रिव्हेट मारून किंवा दाबून बसवलेल्या असतात, त्याचं एक कारण हेच. मग भोकं बघतो, नख फिरवून. खिडकीच्या दुकानात मात्र मी गेज विचारतोच, शिवाय टेम्परही विचारतो. पाचपैकी तीन दुकानदार तोंडाकडे बघत राहतात, पण उरलेल्या दोघांकडे वेबस्टर निघतो.

कापलेल्या नळ्या काकांच्या भंगारात गेल्या. तिथेही दोन पोती वेगळी असतात, एक सेक्शनचं, एक ओतीव मालाचं, कारण ओतीवातला सिलिकॉन आणि लोखंड एकदा रसात मिसळलं की काढणं फार अवघड, आणि मग त्याच्या पुन्हा खिडक्या होत नाहीत. सेक्शनच्या पोत्याला किलोमागे भाव जास्त मिळतो. जुना धातू वितळवायला नव्याच्या मानाने वीसावा हिस्सा ऊर्जा लागते, त्यामुळे ते पोतं फार दिवस पडून राहत नाही. दर महिन्याच्या शेवटी टेम्पो येतो.